बाजार तिचा, कागद कुणाचा?

भारतीय स्त्रीच्या वाटचालीचा आढावा घ्यायचा म्हटलं की टप्पे ठरलेले असतात. १८४८ ची फुले दांपत्याची शाळा, १८८२ चं ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’, १९१६ चं कर्व्यांचं महिला विद्यापीठ, १९९४ चं राज्याचं महिला धोरण. उंबऱ्याच्या आतून बाहेर, असा तो प्रवास. मुंबईत कार्टर रोडच्या उत्तरेला, समुद्राला लागून असलेल्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात मात्र हा हिशेब जुळत नाही. इथली बाई उंबऱ्याआड कधी नव्हतीच.

दर्यावर पुरुषाने जायचं आणि बाजार बाईने सांभाळायचा, ही कोळ्यांची जुनी वाटणी. होडी किनाऱ्याला लागली की नाखव्याचं काम संपतं आणि तिचं सुरू होतं. म्हावरं निवडायचं, पापलेट-कोळंबी एकीकडे आणि मांदेली-बोंबील दुसरीकडे करायचे, बर्फ घालायचा, पाटी भरून बाजार गाठायचा. भाव ती ठरवते, उधारी ती लक्षात ठेवते. डिझेल, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती, पोरांची फी या सगळ्याला पैसा तिच्याच हातून सुटतो.

बोंबील सुकवणं हे तर कसबाचं काम. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूंवर ताणलेल्या दोरीवर टांगायची. अशी शेकडो जोड्यांची रांग उन्हात डोलते. मधे पावसाची सर आली की सगळा माल वाया. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा आगोटीच्या बेगमीचे हे बोंबील, जवळा, सोडे विकून घर चालतं. म्हणून वाळवणाची मोकळी जागा ही कोळणीची खरी ठेव आहे. ती मुंबईत दरवर्षी आक्रसते आहे. विकास आराखड्यात समुद्रकाठची ही जागा रिकामी दिसते. तिथे एका बाईचा पावसाळा वाळत घातलेला असतो हे नकाशा सांगत नाही.

सरकारी आकड्यांनुसार देशाच्या शहरी भागात १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबळातला सहभाग २०१७-१८ मध्ये २०.४ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो २८ टक्के झाला. वाढ स्वागतार्हच. पण कोळणीने हा टप्पा कित्येक पिढ्यांपूर्वी ओलांडला. काम मिळालं, पैसा हाताळायला मिळाला, तरी मालकी मिळतेच असं नाही, हे तिच्याकडे पाहून कळतं. होडी बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असते. मच्छीमार सोसायट्यांचा कारभारही मुख्यतः पुरुषांकडेच. मासळी विकणारी, सुकवणारी बाई मात्र ‘मच्छीमार’ या शब्दात सहज धरली जात नाही.

बाजाराच्या जागेचंही तेच. २०२१ मध्ये क्रॉफर्ड मार्केटजवळची छत्रपती शिवाजी महाराज मंडई धोकादायक म्हणून रिकामी होत असताना विक्रेत्यांना ऐरोलीला धाडण्याचा प्रस्ताव आला. कोळी महिला रस्त्यावर उतरल्या. पहाटे म्हावरं उचलून उपनगरात विकणाऱ्या बाईला ऐरोलीचा फेरा म्हणजे अर्धा दिवस आणि अर्धी कमाई, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नवी पिढी बदलते आहे, आणि बदलायलाच हवी. कोळीवाड्यांतल्या मुली शिकल्या, बँकांत, शाळांत, कार्यालयांत गेल्या. त्यांनी पाटी उचलली नाही म्हणून हळहळण्याचं कारण नाही. काही जणी व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन आईचंच म्हावरं घरपोच करतात. माहीमच्या रेतीबंदरावर २०२३ पासून महिला बचत गट कोळी जेवणाचं केंद्र चालवतात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत स्त्रियांना प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पण अनुदानाला कागद लागतो, आणि तिथेच गाडी अडते.

म्हणून मागणी साधी आहे. होडीच्या नोंदणीवर पती-पत्नी दोघांची नावं असावीत. मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बाईला सोसायटीत मताचा हक्क असावा. कोळीवाड्यांचं सीमांकन करताना वाळवणाची जागा नावानिशी नोंदवावी, आणि कुठलाही मासळी बाजार हलवण्याआधी तिथे बसणाऱ्या कोळणींची संमती घ्यावी. वाचकहो, तुमच्या भागात बाजार पाडण्याची किंवा हलवण्याची नोटीस लागली, तर हरकतीच्या अर्जावर त्यांच्या सह्यांखाली तुमचीही सही करा.