'लपाछपी' की 'छोरी'? तेरा वर्षांच्या मुलीला काय दाखवायचं

(एपिसोडची लिहून काढलेली प्रत. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. कथेचा विषय उघड होतो, शेवट सांगितलेला नाही.)

आज एकच प्रश्न घेतोय. हिंगणघाटहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्या म्हणतात, "पोट्टी तेरा वर्षांची आहे. 'छोरी' पाहायचा म्हणते, मैत्रिणींनी पाहिला म्हणे. मी नाही म्हटलं तर विचारते, कावून? मले कारणच सांगता नाही आलं."

ताई, कारण सांगता येईल. पण ते रक्ताचं नाही, म्हणून जरा सविस्तर बोलू.

आधी दोन्ही सिनेमे

'छोरी' हा रिमेक आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मूळ सिनेमा आपला मराठी, 'लपाछपी'. जुलै 2017 मध्ये थिएटरला लागला. दिग्दर्शक विशाल फुरिया, पूजा सावंत आणि उषा नाईक मुख्य भूमिकांत. नोव्हेंबर 2021 मध्ये त्याच फुरियांनी तो हिंदीत केला. तिथे नुसरत भरुचा आणि मिता वशिष्ठ आहेत, आणि सिनेमा थेट अ‍ॅमेझॉन प्राइमवर आला.

गोष्ट दोन्हीकडे तीच. दिवस भरत आलेली बाई नवऱ्यासोबत शहरातून पळून एका आडबाजूच्या घरात लपते. सभोवती उसाचं रान. घरात एक वयस्कर बाई आहे. खाऊपिऊ घालते, काळजी घेते. आणि उसात लहान मुलं लपाछपी खेळताना दिसतात. या सगळ्याच्या मुळाशी आहे मुलींची हत्या, फक्त मुलगी म्हणून.

आपल्याकडे कापूस, सोयाबीन, तूर. ऊस त्या मानाने कमीच. पण डोक्याच्या वर गेलेल्या तुरीत जो एकदा शिरलाय, त्याला ते रान समजावून सांगावं लागत नाही.

रिमेकने काय बदललं?

'लपाछपी' कमी साधनांत केलेला आहे आणि ते त्याच्या पथ्यावर पडलंय. भीती येते ती उषा नाईकांच्या बोलण्यातून. ती सासू ओळखीची वाटते. ती जे बोलते ते आपण लग्नात, बारशात ऐकलेलं असतं. 'छोरी'त सगळं मोठं झालं. आवाज मोठा, दचकवणं जास्त, आणि जे मूळ सिनेमा न बोलता सांगतो ते इथे बोलून दाखवतात. मिता वशिष्ठ जबरदस्त आहेत, त्यांच्यासाठी पाहावा. पण सिनेमा म्हणून मला मूळचा उजवा वाटतो.

रिमेकमध्ये वय कसं बदलतं याचं आपल्याकडचं मजेशीर उदाहरण म्हणजे 'झपाटलेला'. 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन सिनेमात गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि बाहुला माणसं मारतो. तिकडे तो मोठ्यांचा, रक्ताळलेला सिनेमा. 1993 मध्ये महेश कोठारेंनी तीच कल्पना घेऊन तात्या विंचू उभा केला, समोर लक्ष्मीकांत बेर्डेंना ठेवलं, आणि महाराष्ट्रातली पोरं तो घरच्यांसोबत बसून पाहत मोठी झाली. घाबरली, पण हसतसुद्धा होती. कल्पना एकच, मांडणी वेगळी, म्हणून वयही वेगळं. 'छोरी'त तसं काही झालं नाही. मूळची कथा जेवढी जड होती, तेवढीच रिमेकमध्ये आहे.

तो 13+, 16+ चा आकडा काय सांगतो?

थिएटरसाठी सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देतं. 2023 च्या दुरुस्तीनंतर UA चे तीन भाग झाले: 7+, 13+ आणि 16+. लक्षात ठेवा, UA म्हणजे प्रवेशबंदी नाही, तो पालकांना दिलेला सल्ला आहे. 18 खालच्यांना दारात अडवतात ते फक्त A सिनेमाला.

ओटीटीवर 2021 चे आयटी नियम लागू आहेत. तिथे प्लॅटफॉर्म स्वतःच वर्ग ठरवतो. 13+ आणि त्यावरच्या वर्गासाठी पालकांना कुलूप लावायची सोय देणं बंधनकारक आहे. म्हणजे दारावरचा माणूस आता तुम्ही आहात. बहुतेक घरांत एकच प्रोफाइल सगळे वापरतात, पिन कोणी टाकलेला नसतो, त्यामुळे ते कुलूप नुसतं लटकलेलं राहतं.

आणि आकड्याची मर्यादा समजून घ्या. हिंसा, शिव्या, नग्नता या मोजता येण्यासारख्या गोष्टी. नियमांत विषय आणि परिणामही धरलेला आहे, पण शेवटी सगळं एका आकड्यात कोंबायचं असतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही तेच होतं: शंभर गोष्टींचा एक स्कोअर काढला की नेमकं काय बिघडलंय ते त्यातून कळत नाही. 'छोरी'त रक्त आहे, पण त्यापेक्षा जड गोष्ट वेगळी आहे. धोका बाहेरच्या भुताकडून नाही, मायेने जेवू घालणाऱ्या घरच्या माणसांकडून येतो. आणि मारलं जातं ते मुलींना.

एखाद्या घरात मुलाच्या आशेने झालेली तिसरी मुलगी असेल, तर ती हा सिनेमा भूत म्हणून बघेल का? तिला प्रश्न पडेल, "मी झाले तेव्हा आजी काय म्हणाली होती?" तो प्रश्न रात्री अकराला, हेडफोन लावून, एकटीला पडू नये. माझं कारण हे आहे.

मग पूर्ण बंदी घालायची का?

नाही. मुलांपासून हे लपत नाहीच. जानेवारी 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, आर्वीला, एका खासगी रुग्णालयाच्या आवारातल्या बायोगॅसच्या टाकीतून पोलिसांनी 11 कवट्या आणि 54 हाडं काढली. तपास सुरू झाला होता एका 13 वर्षांच्या मुलीच्या बेकायदा गर्भपातावरून. ते प्रकरण लिंगनिदानाचं म्हणून पुढे आलेलं नव्हतं, त्यामुळे सिनेमाशी त्याची सरळ जोड लावत नाही. पण ती बातमी पेपरात होती, चहाच्या टपरीवर होती, शाळेच्या व्हॅनमध्ये होती. तिला कुठलंही वयाचं लेबल नव्हतं.

आणि सिनेमाचा विषय काही मनचा नाही. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे 913 मुली होत्या. 2011 मध्ये 894. लिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा 1988 पासून, देशाचा 1994 पासून, तरीही.

माझं उत्तर

13 च्या आत दोन्ही नको. 13 ते 15 असेल तर 'लपाछपी' आधी, दुपारी, तुमच्यासोबत, मध्ये थांबवायची मोकळीक ठेवून. 'छोरी' 16 नंतर. घरात कोणी गरोदर असेल तर वय कितीही असो, त्यांना आधी विषय सांगा आणि ठरवायचं त्यांच्यावर सोडा.

ताई, मुलीला "भीती वाटेल" एवढंच सांगू नका, ती म्हणेल मी भीत नाही. तिला सांगा, हा सिनेमा कशाबद्दल आहे. सांगता सांगताच बरंच बोलणं होईल. आणि ती तिच्या जन्माबद्दल काही विचारेल, तर खरं तेच सांगा. पिन मात्र आजच टाका.

तुमच्या घरी हे कसं ठरवता, व्हॉइस मेसेज करून कळवा. भेटू पुढच्या भागात.