भाड्यानं देण्यासाठी पहिली खोली घेताना

मैत्रिणींनो, भिशीचे, शिकवण्यांचे पैसे साठले की मनात येतं, एखादी खोली घेऊन भाड्यानं द्यावी. विचार चांगलाच. आमच्या भिवंडीत यंत्रमागावर कामाला येणाऱ्यांना खोल्या लागतातच. पण भाडं किती येईल हे नंतर विचारा. आधी विचारा, इमारतीला महापालिकेची परवानगी आणि भोगवटा दाखला आहे का? फार स्वस्त खोलीचे बहुधा हेच कागद नसतात. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे इथली जिलानी इमारत कोसळली. ३० हून अधिक माणसं गेली. भाडं आपण घ्यायचं, तर भाडेकरूच्या डोक्यावरचं छप्पर धड आहे की नाही, हेही आपणच पाहायचं.

मग हिशेब मांडा. वर्षाचं भाडं ११ महिन्यांचंच धरा. खोली कधी रिकामी राहतेच. त्यातून घरपट्टी, डागडुजी वजा करा आणि उरेल ते मुदत ठेवीच्या व्याजाशी ताडून पाहा. भाडेकरार लेखी करून नोंदवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकाची आहे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही आहे.

आणि दाखला दाखवायला कुणी टाळाटाळ केली, तर पैसे खुशाल पोस्टातच राहू द्या.