मोबाईलवरून मोटार: बटन दाबलं म्हणजे पाणी सुरू झालं असं नाही



रबीच्या ओलितासाठी रात्रीची लाईन आली की बॅटरी घेऊन वावरात जावं लागतं. वाघाच्या आपल्या जिल्ह्यात हा जीवाशी खेळ आहे. म्हणून घरूनच मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीबद्दल बरेच सभासद विचारतात. घेण्याआधी ती चालते कशी, ते समजून घ्या.

आपल्या राज्यात हे नवं नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'ला २००९ मध्येच नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. त्यात साध्या मोबाईलवरून स्टार्टरला हुकूम जायचा. आता त्या जागी इंटरनेट आलं आहे.

*हुकूम असा जातो*
१) ॲपवर 'चालू' दाबलं की निरोप सर्व्हरवर जातो.
२) तिथला प्रोग्राम (बरेचदा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला) तो तुमच्याच पेटीकडे पाठवतो.
३) पेटीतल्या सिमवर निरोप आला की रिले लागतो आणि स्टार्टर उचलतो.

मधे कुठंही रेंज गेली की निरोप अडकतो. म्हणजे प्रोग्रामनं 'पाठवलं' म्हणणं वेगळं आणि मोटार फिरणं वेगळं. चांगली पेटी मोटारीचे अँपिअर मोजून उलट निरोप देते. तो आला तरच मोटार चालू समजा. अँपिअर नेहमीपेक्षा बरेच कमी दिसले तर मोटार कोरडी चालत असू शकते. लगेच बंद करा.

*विक्रेत्याला ३ प्रश्न विचारा*
✅ उलट निरोप अँपिअर मोजून येतो, की नुसता रिले लागला म्हणून?
✅ रेंज नसताना दिलेला हुकूम नंतर लागू होतो का? रात्री १० चा 'चालू' पहाटे पोहोचला तर मोटार कोणाला न कळता सुरू होईल. जुना हुकूम आपोआप रद्द करणारी पेटीच घ्या.
✅ एक फेज गेला किंवा पाणी संपलं तर मोटार स्वतः बंद होते का?

⚠️ *सर्वात महत्त्वाचं:* मोटार, वायर किंवा स्टार्टरला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा, किटकॅट काढून खिशात ठेवा. ॲपवर 'बंद' दिसतं म्हणून विसंबू नका. घरी दुसऱ्या कोणी बटन दाबलं तर मोटार तिथंच सुरू होईल.

पैसे देण्याआधी विहिरीजवळ उभं राहून रेंज बघा. ज्या कंपनीची रेंज तिथं चांगली, तिचंच सिम पेटीत टाका. जंगलाला लागून वावर असेल आणि कुठलीच रेंज नसेल, तर ही पेटी घेऊ नका.

शंका असल्यास याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका. स्टार्टरचा फोटो आणि मोटार किती एचपीची, तेही पाठवा.