स्वल्पविरामाचे मार्क

एडिसन, न्यू जर्सी : कोविडच्या काळात इथल्या बहुतेक कॉलेजांनी 'सॅट' ही प्रवेशपरीक्षा ऐच्छिक केली होती. २०२२मध्ये एमआयटीने आणि २०२४मध्ये हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ यांनी ती पुन्हा सक्तीची केल्याचं जाहीर केलं. साहजिकच शनिवार-रविवारचे क्लास गजबजले आहेत, आणि तिथल्या हजेरीपटावर मराठी आडनावं भरपूर दिसतात.

परीक्षा एकूण १६०० गुणांची. त्यातले निम्मे गुण वाचन-लेखनाचे : ५४ प्रश्न, ६४ मिनिटं. साधारण पाव प्रश्न निव्वळ व्याकरणाचे आणि विरामचिन्हांचे असतात. जन्मापासून इंग्रजी बोलणारी मुलंही तिथे अडखळतात, कारण कानाला बरोबर वाटलेलं कागदावर चूक ठरतं. 'पाऊस थांबला, सामना सुरू झाला' हे वाक्य मराठीत बिनबोभाट खपतं. इंग्रजीत मात्र दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की मार्क गेला. तिथे पूर्णविराम हवा, नाहीतर अर्धविराम. क्लासवाल्यांनी यातूनही युक्ती काढली आहे. दोन पर्यायांत फरक फक्त पूर्णविराम आणि अर्धविराम एवढाच असेल, तर दोन्ही खोडायचे. दोघांचं काम एकच, आणि बरोबर उत्तर तर एकच असणार! ही भाषेची जाण नव्हे, पण मार्क मिळतात.

फ्रेंचांची अकादमी आहे, आपले साहित्य महामंडळाचे नियम आहेत. अमेरिकेत इंग्रजीवर अशी कुणाचीच सत्ता नाही. त्यामुळे शाळकरी मुलांपुरता तरी शेवटचा शब्द परीक्षा घेणाऱ्या 'कॉलेज बोर्ड' या खासगी संस्थेचाच.

तोही एकदा फिरवावा लागला. सॅटच्या सराव-परीक्षेत लेखिका टोनी मॉरिसनवरचं एक वाक्य बोर्डाने निर्दोष ठरवलं होतं. मेरीलँडच्या एका शिक्षकाने हरकत घेतली : वाक्यात 'मॉरिसनची प्रतिभा' आहे, नुसती 'मॉरिसन' नाहीच, मग पुढचं 'तिला' हे सर्वनाम कुणासाठी? षष्ठीतल्या नामासाठी सर्वनाम वापरू नये हा नियम काही जुन्या व्याकरणपुस्तकांत होता, पण भलेभले लेखक तो पाळत नव्हते. माझ्या मते वाक्यात काहीच चूक नव्हती. तरी २००३मध्ये बोर्डाने प्रश्न रद्द करून निकाल नव्याने मोजले.

आता वादाच्या जागा प्रश्नपत्रिकेत सहसा नसतातच. यादीतल्या शेवटच्या 'अँड'आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, यावरून इथे हिरिरीने भांडणं होतात. 'न्यूयॉर्कर' तो हमखास देतं, 'न्यूयॉर्क टाइम्स' एरवी देत नाही. 'सॅट' त्या भांडणात पडत नाही.