रा. सू. गवई : पदांचा हिशेब

रा. सू. गवई यांचे नाव निघाले की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसे बोलू लागतात. पहिली पदांची यादी वाचतात : विधान परिषदेचे सदस्य, उपसभापती, सभापती, विरोधी पक्षनेते, मग लोकसभा, राज्यसभा, बिहारचे राज्यपाल, केरळचे राज्यपाल. दुसरी माणसे एका वाक्यात निकाल लावून मोकळी होतात : काँग्रेसच्या दावणीला बांधलेला रिपब्लिकन. खाप्यातल्या जयंतीच्या सभांत मी ही दोन्ही भाषणे अनेकदा ऐकली आहेत. यादी वाचणारा अभिमानाने थांबतो, निकाल देणारा रागाने थांबतो. पण गवईंना हीच पदे का मिळाली, दुसरी का मिळाली नाहीत, असे दोघेही विचारत नाहीत.

ती यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी. तीत महसूल नाही, शेती नाही, सहकार नाही, शिक्षण नाही. जमीन वाटणारे, कर्ज देणारे, नोकऱ्या भरणारे एकही खाते नाही. चळवळीत अर्धशतकाहून अधिक काळ काढलेल्या माणसाला मान मिळाला, खाते मिळाले नाही. हे एका माणसाचे नशीब म्हणून सोडून देता येत नाही. त्यामागे कायदा आहे, मतांचे गणित आहे आणि आपल्या पक्षाचा इतिहासही आहे. कार्यकर्त्यांनी तो समजून घेतल्याशिवाय गवईंना शिव्या देणे किंवा त्यांना हार घालणे, दोन्ही सारखेच सोपे आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या दारापूर या खेड्यात ३० ऑक्टोबर १९२९ रोजी त्यांचा जन्म झाला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जागी रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. गवई वाढले ते कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या गटात. (विदर्भात पुढे गवईंनाही लोक ‘दादासाहेब’ म्हणू लागले, त्यामुळे तरुण वाचकांचा कधीकधी घोटाळा होतो.) १९६४ साली ते विधान परिषदेत गेले आणि १९९४ पर्यंत तिथे राहिले. सलग तीस वर्षे एकाच सभागृहात, आणि तेही वरिष्ठ सभागृहात. का?

याचे पहिले उत्तर धर्मांतरात आहे, आणि ते आपण फारसे बोलून दाखवत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असावा लागे. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली. बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. म्हणजे ज्याने दीक्षाभूमीवर उघडपणे बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्याला राखीव मतदारसंघातून उभे राहण्याचा कायदेशीर हक्क चौतीस वर्षे नव्हता. ही नुसती कागदावरची अडचण नव्हती. १९६२ च्या निवडणुकीत नागपुरातल्या राखीव मतदारसंघातून डॉ. डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, या मुद्द्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्यांची निवड रद्द झाली. ज्या शहरात दीक्षा झाली त्याच शहरात दीक्षेची ही किंमत वसूल झाली. धर्म लपवा आणि राखीव जागा लढवा, किंवा धर्म सांगा आणि सर्वसाधारण जागेवर हरा, असा तो पेच होता. हरणे का, हे वेगळे सांगायला नको. आपली वस्ती गावोगाव पसरलेली आहे, बहुमतात ती जवळजवळ कुठेच नाही, आणि सर्वसाधारण जागेवर सवर्ण मतदार आपल्या माणसाला मत देत नव्हता.

विधान परिषदेत राखीव जागाच नाहीत. त्यामुळे तिथे हा पेच येत नाही. पण तिथे लोकांचे थेट मतही नाही. आज महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ जागा आहेत. ३० जणांना आमदार निवडतात, २२ जणांना स्थानिक संस्थांचे सभासद, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपाल नेमतात. आमचे खापा हे कन्हानकाठचे विणकरांचे गाव. नगर परिषद इंग्रजांच्या अमदानीतली. मागावर बसणारा आमचा माणूस नगरसेवकाला मत देतो आणि तो नगरसेवक मुंबईच्या सभागृहासाठी मत देतो. मधल्या पायरीवर काय घडते हे मागावरच्या माणसाला दिसत नाही. मी घरातला पहिला पदवीधर, म्हणून पदवीधर मतदारसंघात माझे नाव लागले. माझ्या वडिलांना या सभागृहासाठी स्वतःच्या हाताने कधीच मत टाकता आले नाही. अशा सभागृहात ज्या पक्षाकडे आमदार थोडे आणि नगरसेवक त्याहून थोडे, त्याचा माणूस मोठ्या पक्षाशी समझोता केल्याशिवाय पुनःपुन्हा कसा जाईल? राखीव जागेचे दार कायद्याने बंद, सर्वसाधारण जागेचे जातीने बंद, आणि परिषदेचे दार उघडायचे तर त्याची किल्ली काँग्रेसच्या खिशात.

१९६४ साल या दृष्टीने नीट पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा मागण्या होत्या. लाखो माणसे, त्यांत लेकुरवाळ्या बायाही, तुरुंगात गेली. रिपब्लिकन पक्षाची एवढी ताकद त्यापूर्वी दिसली नव्हती आणि, मला वाटते, त्यानंतरही दिसली नाही. पण तुरुंग भरणारी ताकद मतपेटीत जागा जिंकून देईना. १९६७ च्या सुमारास दादासाहेबांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. १९६८ मध्ये गवई परिषदेचे उपसभापती झाले. हा क्रम योगायोगाचा नाही.

त्यांचे पक्षातले प्रतिस्पर्धी बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे. ते डिसेंबर १९६९ मध्ये राज्यसभेचे उपसभापती झाले आणि एप्रिल १९७२ पर्यंत त्या पदावर होते. म्हणजे एकाच पक्षाचे दोन पुढारी, एक मुंबईत, एक दिल्लीत, एकाच काळात पीठासीन अधिकारी. आणि नेमक्या याच वर्षांत, दादासाहेब आजारी असताना, पक्षाचे खोब्रागडे गट आणि गवई गट असे दोन तुकडे झाले. मान दोघांनाही सारख्याच जातीचा मिळाला. गट मात्र दोन.

पीठासीन पद म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना सांगताना मी संविधानाचे कलम १८९ उघडतो. सभापती पहिल्या फेरीत मत देत नाही. समसमान मते पडली तरच निर्णायक मत देतो. तो चर्चेत भाग घेत नाही, प्रश्न विचारत नाही, सरकारला धारेवर धरत नाही. सभागृहात साठ माणसे असलेल्या पक्षाने एक माणूस त्या खुर्चीवर बसवला तर त्याचे काही बिघडत नाही. ज्याच्याकडे दोनचार माणसे आहेत त्याने आपला सर्वांत जाणता माणूस तिथे दिला, तर पक्षाची सभागृहातली वाचाच जाते. काँग्रेसने आपल्याला खुर्ची दिली तेव्हा आपल्याकडून काय घेतले, याचा हिशेब असा मांडावा लागतो.

याविरुद्ध एक उदाहरण मात्र प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. गवईंच्या आधीचे सभापती वि. स. पागे. रोजगार हमी योजनेची कल्पना त्यांची. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. म्हणजे खुर्ची अगदीच मुकी नसते. पण पागे काँग्रेसचे होते. मुख्यमंत्री त्यांच्याच पक्षाचा, तिजोरीही त्याच पक्षाच्या हाती. सभापतीचा शब्द खात्यापर्यंत पोचायला खात्यात आपला माणूस लागतो.

गवई १९७८ मध्ये सभापती झाले आणि १९८२ पर्यंत होते. त्याच १९७८ च्या २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात काय झाले ते या पानांच्या वाचकांना ठाऊक आहे. सभागृहाने ठराव केला आणि गावांनी आपल्या वस्त्या जाळल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, साडेपंधरा वर्षांनी. परिषदेच्या सर्वोच्च आसनावर आपला माणूस होता आणि ठरावाची अंमलबजावणी सरकारच्या हातात होती. गवईंनी त्या वेळी राजीनामा द्यायला हवा होता, असे अनेक कार्यकर्ते म्हणत. माझे मत आजही पक्के होत नाही. राजीनाम्याने एक दिवस वर्तमानपत्रे भरली असती. पण पेटलेल्या गावांत पोलीस कुणी पाठवायचे, हा प्रश्न तसाच राहिला असता.

मग १९९८ आले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली होती. युती सरकारवरचा तो राग, रिपब्लिकन गटांची एकजूट आणि काँग्रेसशी झालेला समझोता या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. अमरावतीतून गवई, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले असे चौघे लोकसभेवर गेले. चारही मतदारसंघ सर्वसाधारण! महाराष्ट्रातल्या ४८ पैकी काँग्रेसला ३३, आपल्याला ४, शेकापला १, आणि भाजप-सेनेला मिळून १०. एकगठ्ठा मताचे मोल काय असते ते त्या दिवशी दोन्ही बाजूंना कळले. गवई तोवर सत्तरीच्या उंबरठ्यावर होते आणि लोकसभेवर जाण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. पण ती लोकसभा तेरा महिने टिकली. १९९९ मध्ये शरद पवारांनी वेगळा पक्ष काढला, काँग्रेसची मते फुटली, आपले गटही पुन्हा आपापल्या वाटेने गेले. गवई अमरावतीत हरले. मग राज्यसभा, २००० ते २००६. पुन्हा वरिष्ठ सभागृह.

राज्यपालपदाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एक प्रसंग मात्र सोडता येत नाही. २००६ ते २००८ बिहार, नंतर २०११ पर्यंत केरळ. केरळात एस.एन.सी. लावलिन प्रकरणात पिनराई विजयन यांच्यावर खटला चालवायला परवानगी देऊ नये, असा डाव्या मंत्रिमंडळाचा सल्ला होता. जून २००९ मध्ये गवईंनी तो बाजूला ठेवून परवानगी दिली. राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे हा नियम. पण आरोप मंत्र्यांवरच असेल आणि सल्ल्यात पक्षपात दिसत असेल तर राज्यपाल स्वतः ठरवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मध्य प्रदेशच्या एका प्रकरणात म्हटले होते. डाव्यांनी गवईंवर दिल्लीच्या इशाऱ्याचा आरोप केला. पुढे २०१३ मध्ये सी.बी.आय. न्यायालयाने विजयन यांना आरोपमुक्त केले आणि २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. आयुष्यभर मुक्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने एकदाच ठसठशीत निर्णय घेतला आणि तो दूरच्या राज्यात, आपल्या लोकांच्या प्रश्नाशी संबंध नसलेल्या खटल्यात! हे लिहिताना मला वाईट वाटते.

आता दीक्षाभूमी. गवई स्मारक समितीचे अनेक वर्षे अध्यक्ष होते. १९७८ मध्ये सुरू झालेले स्तूपाचे काम २००१ पर्यंत चालले. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. इतकी वर्षे पैसा जमवणे, सरकारकडे खेटे घालणे, आपसातली भांडणे सोसणे, हे काम भाषणबाजीचे नव्हते. समितीच्या कारभाराविषयी तक्रारी झाल्या, त्या सगळ्याच खोट्या होत्या असे मी म्हणणार नाही. पण मुंबईदिल्लीच्या ओळखी आणि पदांचे वजन यांतून आपल्या हाती काय उरले, असे कुणी विचारले तर बोट दाखवायला ती वास्तू आहे. आणि तिच्याच आवारात १९६४ पासून चाललेले कॉलेज आहे, ज्यातून विदर्भातली किती पहिल्या पिढीची मुले पदवीधर होऊन बाहेर पडली असतील!

२५ जुलै २०१५ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र भूषण गवई १४ मे ते २३ नोव्हेंबर २०२५ या काळात देशाचे सरन्यायाधीश होते. त्यांनी ऑगस्ट २०२४ च्या निकालात अनुसूचित जातींना क्रीमी लेयर लावण्याचा पुरस्कार केला. त्यावर आपल्या वस्त्यांत जो वाद झाला तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मागच्या दसऱ्यानंतर वर्गात मी कलम १८९ शिकवत होतो. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘सर, सभापतीला मत नाही, तर मग आपल्या लोकांनी ते पद घेतलं कशाला?’ मी तिला मेश्रामांच्या खटल्यापासून सांगायला सुरुवात केली. तास संपला तेव्हा मी १९६८ पर्यंतच पोचलो होतो.