ओट्याखालची गळती



स्वयंपाकघर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें शेगडी, भांडीं आणि अन्न येतें. ज्या नळ्या तेथें पाणी आणून देतात आणि खरकटें पाणी वाहून नेतात, त्यांची आठवण मात्र ओट्याखालीं डबकें दिसेपर्यंत कोणालाच होत नाहीं. आज त्या उपेक्षित कोपऱ्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

गळती दिसावयास लहान असते, पण तिचा हिशेब लहान नसतो. गळक्या जागेखालीं पाव लिटरचा पेला ठेवून पाहावा. तो तासाभरांत भरला, तर दिवसाला ६ लिटर आणि वर्षाला २,१९० लिटर पाणी गेलें. म्हणजे गच्चीवरील हजार लिटरच्या दोन टांक्या भरून वर उरेल इतकें. शिवाय ओलीनें कपाटाच्या फळ्या फुगतात, झुरळें वाढतात आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताला डाग पडून शेजारधर्मालाही ओल लागते.

ओट्याखालीं दोन प्रकारचें पाणी वाहतें, हें प्रथम ध्यानांत घ्यावें: एक येणारें व दुसरें जाणारें. येणारें पाणी उंचावरील टांकींतून उतरतें, म्हणून त्यास दाब असतो. दर १० मीटर उंचीमागें हा दाब चौरस सेंटिमीटरास सुमारें १ किलोग्रॅम भरतो आणि तोटी बंद असली तरी तो नळींत कायम राहतो. म्हणून ही बाजू गळूं लागली कीं रात्रंदिवस गळते. जाणाऱ्या पाण्यास असा दाब नाहीं. तें केवळ आपल्या भारानें उतरतें. ती बाजू बहुधा सिंक वापरलें तरच गळते. एवढ्या एका भेदावरून अर्धें निदान होतें.

उरलेलें अर्धें निदान धीरानें करावयाचें असतें. पाणी जेथें टपकतें तेथेंच तें सुटलें, असें मानूं नये. नळीच्या अंगानें घरंगळत येऊन तें सर्वांत खालच्या जागीं थेंब धरतें आणि पाहणारा निर्दोष सांध्यास पाना लावतो. म्हणून प्रथम खालचें सामान बाहेर काढावें. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची वा हीटरची जोडणी तेथें असेल, तर त्या भागाचा वीजप्रवाह कोरड्या हातानें मुख्य फळीवरूनच बंद करावा. मग प्रत्येक नळी व सांधा फडक्यानें पुसावा, खालीं वर्तमानपत्र पसरावें आणि तासभर सिंक वापरूं नये. कागद भिजला, तर दोष येणाऱ्या पाण्याचा समजावा.

कागद कोरडा राहिला, तर सिंकच्या तोंडास बूच लावून तें निम्में भरावें. सांचलेलें पाणी खालीं झिरपलें, तर सिंक आणि त्याच्या तोंडाशीं बसविलेलें कपलिंग यांमधील बैठक सैल झाली आहे. तसें नसेल, तर बूच एकदम काढावें. पाण्याचा लोंढा उतरतांना खालचे कच्चे सांधे आपण होऊन ओळख देतात. तरीही कागद कोरडाच असेल, तर नळाच्या बुडाशीं व सिंकच्या कडेनें पेलाभर पाणी ओतून पाहावें. पुष्कळदां खरा अपराधी ती वरची फटच निघते.

आतां उपाय. येणाऱ्या बाजूचें काम असेल, तर आधीं चावी बंद करून वरची तोटी उघडावी, म्हणजे उरलेला दाब सुटतो. सांधे मुख्यतः दोन जातींचे असतात. एका जातींत आटेच पाणी अडवितात. तेथें पूर्वीं सूत आणि सफेदा लावीत; आतां टेफ्लॉनची पातळ पट्टी गुंडाळतात. हा पदार्थ १९३८ सालीं अमेरिकेंत रॉय प्लंकेट या रसायनज्ञास वायूंवर प्रयोग करीत असतां अकल्पितपणें सांपडला. नळीचें तोंड आपल्याकडे धरून ही पट्टी घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें ताणून गुंडाळावी. उलट गुंडाळली तर सांधा आवळतांना ती उलगडते. दुसऱ्या जातींत पाणी अडवितो तो रबरी वॉशर. आटे त्याला केवळ दाबून धरतात. तोटीकडे जाणारी लवचीक नळी व सिंकखालचे प्लास्टिकचे नट या जातीचे असतात. तेथें पट्टी गुंडाळणें व्यर्थ होय. वॉशर कडक झाला वा चिरला असेल तर नवा घालावा, वांकडा बसला असेल तर सरळ करावा. प्लास्टिकचा नट हातानें आवळावा, पान्यानें फार तर पाव फेरा अधिक. जोर केला कीं नट तडकतो आणि थेंबाची धार होते.

कपलिंग गळत असल्यास तें सोडवून जुनी घाण खरवडावी, जागा कोरडी करावी व नवा वॉशर घालून बसवावें. कडेच्या फटीस सिलिकोनचा लेप द्यावा आणि तो सुकेपर्यंत पाणी लागूं देऊं नये.

सिंकखालीं वळलेली नळी किंवा बाटलीसारखें पात्र असेल, तर तो 'ट्रॅप'. कांहीं घरांत तो जमिनीवरील जाळीखालीं असतो. त्यांत थोडें पाणी नेहमीं सांचून राहतें आणि गटाराची दुर्गंधी घरांत येऊं देत नाहीं. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीनें १७७५ सालीं आपल्या शौचकूपाच्या पेटंटांत अशीच वळलेली नळी योजिली होती. म्हणून दुरुस्तीच्या निमित्तानें ट्रॅप काढून सरळ नळी जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानूं नये. ट्रॅप उघडतांना खालीं बादली ठेवावी. मात्र तुंबलेली नळी मोकळी करणारें तीव्र रसायन नुकतेंच ओतलें असेल, तर तो उघडूं नये, कारण त्यानें कातडी व डोळे भाजतात.

गळती भिंतीच्या आंत असेल, लोखंडी नळ गंजून पातळ झाला असेल किंवा चावीच बंद होत नसेल, तर तें काम जाणत्या प्लंबरचें आहे. दोष कोठें आहे हें आपणांस ठाऊक असलें, म्हणजे त्यालाही नेमकें काम सांगतां येतें आणि नाहक खर्च टळतो. दुरुस्तीनंतर एक रात्र पुन्हां कोरडा कागद पसरून ठेवावा. सकाळीं तो कोरडा दिसला, तरच सामान परत आंत ठेवावें. तेंही नळ्यांपासून वीतभर दूर, म्हणजे पुढची गळती पहिल्याच दिवशीं नजरेस पडेल.