राखण यंत्राची, पारख आपली: एअर फ्रायरमधलं पूर्ण जेवण

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांनी फोन करून विचारलं, "सर, तुम्ही आणि एअर फ्रायर?" प्रश्न रास्त आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची पस्तीस वर्षं गेली आणि त्या काळात स्वयंपाकघरात आम्ही गेलो ते मुख्यतः पाणी प्यायला. (हशा) तेव्हा आधी कारण सांगतो, मग यंत्र समजून घेऊ, मग एक जेवण पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघू.

कारण असं. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी दूध उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. आम्ही दोघंही बाहेरच्या खोलीत होतो. वास आला तो शेजाऱ्यांना. त्याआधीही दोनदा कढई करपली होती. मुलांचं मत पडलं की आता स्वयंपाकघर बंद करावं आणि दोन वेळचा डबा लावावा. त्यांची काळजी खोटी नव्हती. पण आमच्या हिने तेव्हा जे वाक्य उच्चारलं, ते आम्ही विसरू शकत नाही. ती म्हणाली, "मला स्वयंपाक कुठे विसरायला झालाय? गॅस बंद करायचा राहतो, एवढंच."

आता या वाक्याकडे जरा नीट बघा. यात दोन वेगळ्या क्षमता वेगळ्या केलेल्या आहेत. एक आहे राखण: दूध चढतंय का, वेळ झाली का, ज्योत बंद केली का. दुसरी आहे पारख: पीठ किती सैल हवं, कांदा किती बारीक, दाणे झाले की नाही. म्हातारपणात पहिली क्षमता आधी ढासळते. दुसरी पुष्कळदा शाबूत असते. आणि आपण करतो काय? पहिली गेली म्हणून दुसरीही काढून घेतो. माणूस एकदम 'जेवणारा' होऊन बसतो, 'करणारा' राहत नाही. मग आमच्यापुढे प्रश्न असा आला की राखण दुसऱ्या कुणाला देऊन पारख आपल्याकडे ठेवता येईल का? या प्रश्नापायी ते यंत्र घरात आलं.

यंत्र काय करतं?

एअर फ्रायर हे नाव तसं फसवं आहे. २०१० साली बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने हे यंत्र या नावाने आणलं. त्यामागची कल्पना फ्रेड व्हॅन डर वाइज या डच संशोधकाची. नावात 'तळणं' आहे, पण आत तळलं काहीच जात नाही. वरच्या बाजूला तापणारी कॉइल असते, तिच्यावर पंखा असतो, खाली जाळीची टोपली असते. पंखा ती तापलेली हवा जोराने पदार्थाभोवती फिरवतो. म्हणजे हा एक लहान, पंखा लावलेला ओव्हन आहे.

पंख्याचं एवढं काय महत्त्व? तापलेल्या ओव्हनमध्ये क्षणभर हात नेला, तर काही होत नाही. उकळत्या पाण्यात मात्र बोट घालवत नाही, आणि तिथलं तापमान तर कमी असतं. कारण स्थिर हवा उष्णता फार सावकाश देते. शिवाय ओल्या पदार्थाभोवती वाफेचा एक थंडसर थर असतो. पंखा तो थर सतत उडवून लावतो. दोरीवरचे कपडे वाऱ्याला लवकर वाळतात, तेच इथे घडतं. पृष्ठभाग सुकला की त्याचं तापमान शंभर अंशांच्या वर चढतं, साधारण एकशे चाळीसच्या पुढे तो तांबूस होतो आणि खमंग वास सुटतो. या रासायनिक क्रियेचं वर्णन लुई कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं.

आपल्या मराठीत यासाठी अचूक क्रियापदं आहेत. तळणं, परतणं, भाजणं, शेकणं, उकडणं, शिजवणं. आजीला विचारलं असतं, तर तिने तात्काळ सांगितलं असतं की हे 'भाजणं' आहे. आणि हे एकदा कळलं की अर्धी निराशा टळते. आम्हाला हे कळायला दोन महिने लागले. तोवर काय काय झालं ते सांगतो. भज्यांचं पीठ जाळीतून खाली गळलं. पापड उडून वर कॉइलला चिकटला. चिरलेली मेथी आतल्या आत भिरभिरली आणि कडेने जळली. भाकरी फुगायच्या आधीच सुकली, कारण तिला खालून तव्याचा चटका आणि मग थेट आच लागते. भात उघड्या भांड्यात लावला, तर वरची शितं कडक झाली. झाकण ठेवून, उकळतं पाणी घालून तो होतो, पण बराच वेळ खातो. जे काम वाफेचं आहे ते कुकरकडेच ठेवावं.

म्हणून 'पूर्ण जेवण' या शब्दाचा अर्थ आम्हाला बदलावा लागला. वरण-भात-पोळी-भाजीचं ताट या यंत्रातून काढायचा हट्ट धरला की फसगत होते. त्याऐवजी असं ताट शोधायचं, ज्यातले सगळे पदार्थ मुळातच भाजण्याच्या जातीचे आहेत. असं ताट आपल्याकडे शोधावं लागत नाही. भाजणीचं थालीपीठ, वांग्याचं भरीत, दाण्याची चटणी आणि दही. झालं जेवण.

ताट कसं होतं?

दोन माणसांचं प्रमाण सांगतो. आमची टोपली चार लिटरची आहे. तुमच्या यंत्रात मिनिटं थोडी पुढेमागे होतील.

पहिले दाणे. एक वाटी शेंगदाणे, १६० अंशांवर आठ ते दहा मिनिटं, मध्ये दोनदा टोपली हलवायची. बाहेर काढल्यावरही दाणे आतल्या उष्णतेने भाजत राहतात, म्हणून किंचित आधी काढायचे. गार झाले की सालं काढून निम्मे दाणे लसूण, तिखट, जिरे, मीठ घालून कुटायचे. उरलेल्यांचं कूट भरतासाठी. हे काम आदल्या दिवशी केलं तरी चालतं.

मग वांगं. तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचं भरताचं वांगं घ्यायचं, तेलाचा हात लावायचा आणि सुरीने चार-पाच ठिकाणी टोचायचं. टोचलं नाही तर आतली वाफ कोंडून ते फुटू शकतं. दोन चिरांमध्ये लसणाच्या पाकळ्या खोचायच्या. २०० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. शेवटच्या पाच मिनिटांत दोन हिरव्या मिरच्या, त्याही चिरून, नाहीतर त्याही फुटतात. देठाजवळ दाबून बोट सहज आत गेलं की झालं. सोलून, कुस्करून त्यात कच्चा कांदा, त्या मिरच्या, कोथिंबीर, कूट, मीठ आणि दही. फोडणी नको, म्हणजे गॅसही नको. निखाऱ्यावरच्या भरताचा धूर मात्र यात नाही. तो नाही म्हणजे नाही, उगीच समर्थन करत नाही.

वांगं गार होतंय तोवर थालीपीठ. दोन वाट्या भाजणी, बारीक कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ, दोन चमचे तेल, आणि लागेल तसं पाणी. तेल लावलेल्या बटर पेपरवर टोपलीत मावेल एवढं थापायचं, बोटाने भोकं पाडायची. १८० अंशांवर यंत्र तीन मिनिटं आधी तापवायचं, मग सहा-सात मिनिटं एक बाजू, उलटून चार-पाच मिनिटं दुसरी. रिकामा कागद कधीही आत ठेवू नये, तो उडून कॉइलला लागतो आणि पेटू शकतो. तेलाची काटकसर करावी, पण तेल अजिबात टाळलं तर थालीपीठ भुसभुशीत कोरडं होतं.

एका वेळी एकच थालीपीठ मावतं. तीन थालीपिठं धरली तर सगळ्याला सव्वा तास लागतो. तव्यावर हे लवकर झालं असतं. पण या सव्वा तासात कुणालाही ज्योतीपाशी उभं राहावं लागत नाही, आणि विसरलं तरी यंत्र आपलं आपण बंद होतं. वीज म्हणाल, तर पंधराशे वॅटचं यंत्र सव्वा तास सतत पूर्ण तापलं तरी दोन युनिटच्या आत राहतं. प्रत्यक्षात ते मधूनमधून थांबतं, म्हणजे त्याहून कमी.

कुणीतरी विचारील, "भाजणी विकतची की घरची? विकतची असेल तर 'मुळापासून' कसं म्हणता?" घरची म्हटलं, तर पुढचा प्रश्न येतो, ज्वारी तुम्ही पिकवली का? आपल्या तर्कशास्त्रात याला अनवस्था म्हणतात, मागे मागे जात राहायचं आणि कुठे टेकायचंच नाही. आमचं उत्तर साधं आहे. ज्या टप्प्यापासून पदार्थ बरा होणार की वाईट हे तुमच्या निर्णयावर ठरतं, तिथून तुमचा स्वयंपाक सुरू होतो. गोठवलेल्या तयार टिक्क्या टोपलीत टाकल्या, तर तो टप्पा येतच नाही. भाजणी भिजवायला घेतली की तो येतो.

पाक म्हणजे काय?

इथे थोडं शास्त्रात शिरू. न्याय-वैशेषिक दर्शनांत 'पाक' हा पारिभाषिक शब्द आहे. उष्णतेच्या संयोगाने पार्थिव वस्तूचे चार गुण पालटतात: रूप, रस, गंध आणि स्पर्श. उदाहरण नेहमी कच्च्या मडक्याचं देतात, ते भट्टीत लाल होतं. हा बदल कुठे होतो, यावर मोठा वाद झाला. वैशेषिक म्हणाले, मडकं परमाणूंपर्यंत सुटतं, बदल परमाणूंत होतो आणि ते पुन्हा जुळतं. हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणाले, तसं असतं तर भट्टीतलं मडकं 'तेच' म्हणून ओळखलं नसतं. उष्णता सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते आणि अख्खं मडकं पक्व होतं. हा पिठरपाकवाद.

याला आजच्या भौतिकशास्त्राशी जुळवण्याचा अट्टाहास नको. पण त्या चार गुणांची यादी आम्हाला स्वयंपाकघरात फार उपयोगी पडली. रंग बघा, वास घ्या, दाबून बघा, चाखून बघा. पदार्थ झाला की नाही, याच्या एवढ्याच चार कसोट्या आहेत. यंत्रावर दिसणारा आकडा त्या चारांत बसत नाही. तो फक्त सांगतो की वेळ गेला.

पहिल्या आठवड्यात आम्ही यंत्रासमोर पुस्तिका घेऊन उभे होतो. दाण्यांची तीन मिनिटं शिल्लक होती. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "अहो, काढा आता. झाले दाणे." आम्ही म्हटलं, "अगं, अजून तीन मिनिटं आहेत." उत्तर आलं, "मिनिटं असतील. दाणे झालेत." त्या दिवशी आम्ही पुस्तिकेचं ऐकलं आणि दाणे कडू झाले. गिल्बर्ट राईल यांनी १९४९ च्या 'द कॉन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती करता येणं, यांत भेद केला आहे. तो भेद आम्ही वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. कडू दाणे खाल्ले तेव्हा तो नीट समजला. (हशा) आता आमची वाटणी ठरलेली आहे. चिरणं, थापणं, टोपली उचलणं आमच्याकडे. किती आणि केव्हा, हे तिच्याकडे. राखण यंत्राकडे.

आता काळजीच्या चार गोष्टी. पंधराशे वॅटचं यंत्र साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटला लावू नये, सोळा अँपिअरचं घ्यावं. मागे-पुढे मोकळी जागा ठेवावी, मागून गरम हवा येते. टोपली जड आणि तापलेली असते, हात थरथरत असतील तर ती दुसऱ्याने काढावी. आणि बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ सोनेरी झाले की थांबावं, काळपट करू नये. असे पदार्थ फार तापले की त्यांत ॲक्रिलामाइड तयार होतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं.

आणखी एक प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. विसरणं वाढत गेलं, तर हे यंत्रही पुरणार नाही. तो निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यायचा असतो. यंत्राने आम्हाला थोडा काळ मिळवून दिला आहे, एवढंच आमचं म्हणणं. पण तो काळ लहान नाही. डबा आम्हीही लावला आहे, पण एकाच वेळचा. रात्रीचं जेवण घरी होतं.

तुमच्या घरी कुणी वयस्कर असेल आणि त्यांच्या हातून काही करपलं असेल, तर स्वयंपाकघराला कुलूप लावण्याआधी एवढं तपासा की त्यांचं नेमकं काय गेलं आहे, राखण की पारख? राखण गेली असेल, तर ती दुसरीकडून आणता येते. पारख मात्र विचारा, शिकून घ्या, लिहून ठेवा. आमच्या फ्रीजवर सध्या एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर आमच्या हस्ताक्षरात तिचं माप लिहिलं आहे: 'दाणे, वास सुटला की मोजून वीस, मग काढा.'

प्रश्न असतील तर जरूर विचारा. आम्ही इथे थांबतो.